‘येईल ताळ्यावर!’

‘एकदा लग्न करून द्या, आपोआप येईल ताळ्यावर!’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्याकडे सापडणं कठीण. उनाड मुलाबद्दल ऐकलेलं असतं, हट्टी मुलीबद्दल ऐकलेलं असतं. आणि हल्ली, जरा आवाज खाली आणून, ‘तसल्या’ मुलीबद्दलही ऐकू येतं. म्हणजे जिचं मन पुरुषाकडे वळतच नाही अशा मुलीबद्दल. बोलणारी बाई वाईट नसते, तिला त्या मुलीचं भलंच हवं असतं. पण हे ‘ताळ्यावर आणणं’ शेवटी कुठवर जाऊ शकतं, ते दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाथेमा या वस्तीने पाहिलं आहे.

जोहान्सबर्गच्या पूर्वेला, स्प्रिंग्ज शहराजवळ ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. युडी सिमेलाने इथलीच. देशाच्या महिला फुटबॉल संघातून खेळलेली, पुढे मुलामुलींना फुटबॉल शिकवणारी, पंच होण्याची तयारी करणारी. आपण समलिंगी आहोत हे तिने वस्तीत कधी लपवलं नाही. एप्रिल २००८ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, भोसकून तिचा खून झाला आणि मृतदेह नाल्यात टाकून देण्यात आला. ती ३१ वर्षांची होती.

अशा अत्याचाराला तिथे ‘करेक्टिव्ह रेप’ म्हणतात. म्हणजे ‘सुधारण्यासाठी’ केलेला बलात्कार! पुरुष काय असतो ते एकदा कळलं की ही बाई सरळ होईल, ही त्यामागची समजूत. आता तिथल्याच अनेक कार्यकर्त्या विचारतात, यात सुधारणा कसली? नराधमांचं समर्थन त्यांच्याच शब्दांत आपण का करायचं?

आणि हा देश मागासलेल्या कायद्यांचा नाही बरं का. लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही, असं राज्यघटनेतच लिहून ठेवणारा जगातला पहिला देश दक्षिण आफ्रिका. समलिंगी विवाहाला तिथे २००६ मध्येच मान्यता मिळाली. म्हणजे युडीला कायद्याने लग्न करता येत होतं. पण रात्री आपल्याच वस्तीत सुखरूप घरी पोचता आलं नाही.

तिच्या खटल्यात २००९ मध्ये एकाला ३२ वर्षांची आणि दुसऱ्याला जन्मठेपेची शिक्षा झाली, दोघे सुटले. खून, बलात्कार, लूटमार हे गुन्हे कागदावर आले. पण ती समलिंगी होती याला न्यायालयाने महत्त्व दिलं नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये त्याच क्वाथेमात नोक्सोलो नोग्वाझा या तरुण समलिंगी कार्यकर्तीचाही तसाच खून झाला.

केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतलं झोलिस्वा न्कोन्याना या १९ वर्षांच्या मुलीचं प्रकरण थोडं वेगळं. २००६ मध्ये तरुणांच्या टोळक्याने तिला घराजवळच ठार मारलं. भांडणाला सुरुवात झाली ती एका मुलीच्या टोमण्यांवरून. खटल्याच्या तारखा चाळीसहून अधिक वेळा पुढे ढकलल्या गेल्या, तरी मैत्रिणी आणि महिला संघटना हटल्या नाहीत. अखेर २०१२ मध्ये चौघांना शिक्षा सुनावताना न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की या खुनामागे तिच्या समलिंगी असण्याबद्दलचा द्वेष होता. खून तोच, पण या वेळी त्याचं कारण निकालात लिहिलं गेलं.

कारण लिहिल्याने काय होतं, असं कुणी विचारेल. गेलेली मुलगी थोडीच परत येणार? याचं उत्तर आपल्याकडच्या बायकांइतकं चांगलं कुणाला ठाऊक आहे! ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ या बातम्या आठवा. वर्षानुवर्षं ते अपघातच होते. मग स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. स्टोव्ह सासूच्या आणि नणंदेच्या वेळी का भडकत नाही, नेमका सुनेच्याच वेळी कसा भडकतो, असं विचारू लागल्या. १९८६ मध्ये ‘हुंडाबळी’ हा वेगळा गुन्हा कायद्यात आला. तेव्हापासून त्याची मोजदाद होऊ लागली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून जळून मेली, तर पोलिसांना हुंड्याबद्दल विचारावं लागू लागलं. हुंडा संपला नाही, हे खरंच. पण निदान अपघात म्हणून फाईल बंद करणं अवघड झालं.

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या बाबतीत आपण अजून त्या स्टोव्हच्या काळातच आहोत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला आणि समलिंगी असणं गुन्हा राहिला नाही. पण अशा माणसांना मारणाऱ्याचं काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत झुंडीने केलेल्या खुनासाठी खास कलम आहे. वंश, जात, लिंग, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशी कारणं त्यात नावानिशी दिली आहेत. लैंगिक कल त्यात नाही. ‘अशाच अन्य कारणा’त तो बसवून घ्यायचा, तर ते तपास अधिकाऱ्याच्या समजुतीवर. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं शिक्षा. पण तृतीयपंथीयांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला तेव्हा त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठरली सहा महिने ते दोन वर्षं! एकाच्या देहाची किंमत दुसऱ्यापेक्षा इतकी कमी कशी काय?

तरी सगळा दोष कायद्याला देऊन हात झटकता येणार नाहीत. कारण आपल्याकडे ‘सुधारणा’ बहुतेकदा घरातच सुरू होते. मुलीचा मोबाइल काढून घ्यायचा, कॉलेज बंद करायचं, खोलीत कोंडायचं, देवर्षी नाहीतर डॉक्टर गाठायचा आणि घाईघाईने स्थळ बघायचं. समलिंगी व्यक्तीला ‘बरं करण्याचे’ उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं. पण ते घराघरात कुणी सांगितलं? शिवाय मनाविरुद्ध लग्न लावून दिल्यावर बंद दाराआड रोज रात्री त्या मुलीच्या वाट्याला जे येतं, त्याला काय म्हणायचं? क्वाथेमातल्या पुरुषांची समजूत आणि आपली समजूत यांत फरक फक्त अक्षतांचा!

हे वाचून कुणी म्हणेल, आमच्या घरी नाही बाई असलं काही. नसेलही. पण भाचीच्या, शेजारणीच्या मुलीच्या, नाहीतर मोलकरणीच्या लेकीच्या बाबतीत ‘येईल ताळ्यावर’ कानावर पडेल तेव्हा गप्प न बसणं तर आपल्या हातात आहे. ‘येईल म्हणजे नेमकं काय करणार तुम्ही तिचं?’ एवढं जरी विचारलं, तरी त्या मुलीच्या बाजूने घरात एक माणूस उभं राहील.