‘बॅ.’ या आद्याक्षरामागचा माणूस

मराठीत वकील-पुढाऱ्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. त्यांत वकिली मात्र फारशी सापडत नाही. ‘विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले’ या एका वाक्यात ती उरकते आणि पुढच्या परिच्छेदात नायक सभा गाजवू लागतो. चंद्रपूरच्या बॅ. राजाभाऊ खोब्रागडे (१९२५-१९८४) यांच्याविषयी वाचताना हे विशेष खटकते. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने बॅरिस्टर आणि इतर वकील यांच्यातला भेद संपवला. चंद्रपुरात ‘बॅरिस्टर साहेब’ हे संबोधन मात्र टिकले. इतके, की त्याआड माणूसच दिसेनासा झाला.

तुलनेसाठी एक इंग्रज बॅरिस्टर घेऊ. रूफस आयझॅक्स फळांच्या ज्यू व्यापाऱ्याचा मुलगा. पौगंडावस्थेत जहाजावरचा पोऱ्या म्हणून कलकत्त्याला येऊन गेला. पुढे शेअरबाजारात बुडाला, मग वकिलीकडे वळला. एडवर्डच्या राजवटीत, १९०४ साली, खासदार झाला. १९१२ मध्ये टायटॅनिकच्या चौकशीत सरकारची बाजू त्याने मांडली आणि त्याच वर्षी मार्कोनी कंपनीच्या शेअर्सचे प्रकरण त्याच्यावर शेकले. तरीही १९१३ मध्ये तो सरन्यायाधीश झाला, तेव्हा चिडलेल्या किपलिंगने ‘गेहाझी’ ही जहरी कविता लिहिली. हाच माणूस १९२१ मध्ये लॉर्ड रेडिंग म्हणून आपला व्हाइसरॉय झाला. त्याचे दोन खंडांतले चरित्र मुलाने लिहिले, नंतर इतरांनीही लिहिले. यश, बदनामी, कोर्टातली उलटतपासणी आणि शत्रूची कविता, सारेच आज अभ्यासकाच्या हाताशी आहे.

खोब्रागड्यांच्या आयुष्यात सामग्री कमी आहे का? नागपूरच्या धर्मांतरानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. त्या सोहळ्याच्या आयोजनात खोब्रागडे आघाडीवर होते. बाबासाहेब स्वतः ग्रेज इनचे बॅरिस्टर. एका बॅरिस्टराने दुसऱ्याच्या गावी येऊन धर्म द्यावा, हा प्रसंग कादंबरीकाराला मोहवील असा आहे. त्यानंतर सातच आठवड्यांत बाबासाहेब गेले आणि तिशीतल्या या माणसावर पक्षाचे ओझे पडले. १९५८ पासून ते तीनदा राज्यसभेवर गेले आणि डिसेंबर १९६९ ते एप्रिल १९७२ या काळात उपसभापती होते. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत अगदी थोडक्यात कोसळले, ते याच काळात. वकिलाचा कान आणि अध्यक्षपीठावरचा संयम यांची खरी परीक्षा असल्या दिवसांत होते. आपली लेखणी ‘हे पद भूषविले’ म्हणून पुढे सरकते. पद भूषविले म्हणजे नेमके काय केले?

अडचण गौरवग्रंथी वृत्तीची आहे, आणि ती समजण्यासारखीही आहे. ज्या समाजाला इतिहासाने पानच दिले नाही, तो आपल्या नेत्याचे पहिले पान गौरवाने लिहिणारच. पण रिपब्लिकन पक्षातल्या फुटीचे काय? दादासाहेब गायकवाडांचा गट आणि खोब्रागड्यांचा गट यांच्यातला वाद व्यक्तींचा किती आणि धोरणाचा किती, हे चरित्रकाराने दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवून सांगायला हवे. नायकाला ‘दुर्दैवी’ फुटीतून अलगद उचलून बाहेर ठेवणे म्हणजे त्याच्या राजकीय बुद्धीचाच अपमान आहे. (भाबडी भक्ती आणि उपेक्षा या दोहोंचा परिणाम पुष्कळदा एकच होतो.)

दुसरी गोष्ट प्रदेशाची. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. खोब्रागड्यांच्या हयातीचा बहुतेक काळ तो चांद्याचाच भाग होता. जंगल, जमीनदाऱ्या आणि भूमिहीन यांचा हा मुलूख. १९६४ च्या डिसेंबरात रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. त्या मागण्यांकडे या जंगली जिल्ह्यातून पाहिले तर काय दिसते, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या अभ्यासकाला सुचणार नाही. तो इथल्या मुलांना सुचावा. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि राज्यसभेचे वृत्तान्त आता घरबसल्या वाचता येतात. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’ हा विषय विसाव्यांदा देण्याऐवजी एखाद्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यापुढे १९५८ चा खंड ठेवावा. तेव्हा खोब्रागडे बत्तीस वर्षांचे होते.