पाणी गाळून पितो, पण घर गळतंय त्याचं काय?



आज जरा चिडून लिहितेय, आधीच सांगून ठेवते.

परवा आमच्याच पनवेलमध्ये एका ओळखीच्या घरी गेले होते. नवं मॉड्युलर किचन, चकचकीत काळा ओटा, बोट लावलं की हळूच मिटणारी कपाटाची दारं. कौतुक करून झालं. मग सहज वर पाहिलं, तर सिंकच्या वर छताला ताटाएवढा पिवळट डाग, आणि मधोमध पोपडा सुटलेला. विचारलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "काकू, ते वरच्यांचं बाथरूम गळतं. आम्ही दिवाळीला रंग देतो की दरवर्षी." आणि हे बोलणं चालू असताना नळाला बांधलेल्या गाळण्याच्या फडक्यातून थेंब थेंब पाणी टपकत होतं. वॉशर गेलाय, पण प्लंबर यायला तयार नाही म्हणे.

पाणी गाळून पिणारी माणसं आपण. सूर्यास्तानंतर जेवत नाही, भाजी निवडताना अळी दिसली तर हलक्या हाताने बाजूला ठेवतो. आणि घर मात्र गळू देतो. हिशेब करून बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सव्वाचार लिटरच्या वर पाणी रोज मोरीत गेलं. महिन्याला सव्वाशे लिटरच्या पुढे. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या पनवेलकरांनी हे करावं?

दुसऱ्यांना बोलण्याआधी स्वतःचं सांगते. आम्हीही हेच केलंय. आमच्या मधल्या खोलीच्या छताला ओल होती. पहिल्या वर्षी रंग दिला. दुसऱ्या वर्षी "वॉटरप्रूफ" रंग दिला. तिसऱ्या वर्षी रंगाऱ्याने पुट्टी भरून पुन्हा रंग दिला. त्याच खोलीत सासूबाई सकाळी सामायिकाला बसायच्या. श्रावणातल्या एका सकाळी त्यांना बरं वाटत नव्हतं म्हणून त्या पलंगावरच पडून होत्या. आठच्या सुमारास धाडकन आवाज झाला. जाऊन बघते तर त्यांच्या रिकाम्या पाटावर स्लॅबचा परातीएवढा तुकडा पडलेला. वर गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. घरात कोणी बोललं नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "पुण्य होतं म्हणून वाचले." मला मात्र वाटत राहिलं की त्यांचं पुण्य होतं, पण माझं पाप होतं. तीन वर्षं मला दिसत होतं आणि मी रंग दिला होता.

नंतर एका जाणत्या इंजिनिअरने जे समजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. सिमेंटच्या आत लोखंडी सळ्या असतात. बारीक भेगेतून पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून सळी आतून फुगते आणि वरचं सिमेंट ढकलून फोडते. तोच आपला पोपडा. रंग म्हणजे तापलेल्या पोराच्या तोंडाला पावडर लावण्यासारखं. चेहरा बरा दिसतो, ताप आत चढतच असतो.

आता धर्माचं बोलू, कारण याच बाबतीत मला धर्माचीच कारणं ऐकवली जातात. "तोडफोड केली की जीव मरतात." "चातुर्मासात कशाला?" "पेस्ट कंट्रोल म्हणजे किती हिंसा!"

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या बघा. तिथे आधी येतो तो प्रमाद. बेसावधपणा, हलगर्जी. मग ओल्या भिंतीकडे तीन-तीन वर्षं बघत बसणं हा प्रमाद नाही तर काय आहे? शेवाळ आणि बुरशीत अनंत जीव आहेत असं आपण पाठशाळेत शिकलो, पोरांना शिकवलं. मग ती बुरशी आपल्या भिंतीवर वाढू देतो, आणि दिवाळी आली की खरवडून टाकतो. दरवर्षी! ओल वाळवीलाही आमंत्रण देते. वाळवी लागली की औषध मारणं आलंच. वेळेवर दोन टाइल्स काढून नहाणी ट्रॅपचा सांधा भरला असता तर ही वेळ आली नसती. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, पण कमी करता येते. लवकर केलेली लहान दुरुस्ती हाच यत्नाचार. भिंतीच्या फटीत उगवलेल्या पिंपळाचंही तसंच. तो बोटाएवढा असताना मुळासकट अलगद काढून जमिनीत लावता येतो. मनगटाएवढा झाला की कुऱ्हाड लागते, आणि भिंतही फुटते.

आणि चातुर्मासाचा मुद्दा मला मान्यच आहे. पावसात जीवोत्पत्ती जास्त, म्हणून तर मुनिमहाराज एका जागी थांबतात. तेव्हा कामं त्याच्या आधी उरका! मी एक दिवस ठरवून टाकलाय, अक्षय तृतीया. भगवान आदिनाथांना उसाच्या रसाचा आहार मिळाला तो दिवस. मंदिरातून आलं की मी गच्चीवर जाते. पाऊस यायला साधारण महिना-दीड महिना असतो. सिमेंटचं काम झालं की निदान सात दिवस त्यावर पाणी मारावं लागतं. जूनमध्ये धावपळ करून ते कसं होणार?

आता पैशांचं. मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण पहिल्या वर्षाला शिकलेला एक धडा अजून पाठ आहे. दुरुस्ती हा महसुली खर्च, तो त्या त्या वर्षीच करायचा. नवी वस्तू हा भांडवली खर्च, तो ऐपत बघून करायचा. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. नव्या सोफ्याला कर्ज काढतो आणि दुरुस्तीला म्हणतो "बघू पुढच्या वर्षी". कुठलाही दुकानदार घसारा धरल्याशिवाय नफा सांगत नाही. घरालाही घसारा असतो.

सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये हे लिहिलेलंच आहे. फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर दरवर्षी किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड. बांधकाम खर्च 10 लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला 10,000 रुपये, म्हणजे महिन्याला साधारण 833. एवढी रक्कम सभेत मांडली की केवढा आरडाओरडा! "आमच्याकडे कुठे गळतंय?" हे पहिलं वाक्य. अहो, तुमच्या खालून जाणारा खांब आणि त्यांच्याकडून जाणारा खांब एकच आहे. "बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे" हे दुसरं. जाईल तेव्हा जाईल. तोवर तिच्यात माणसं राहताहेत ना?

आणखी एक सांगते. फ्लॅट बहुतेक घरांत पुरुषांच्या नावावर, म्हणून सभेला तेच जातात. आणि बादली कुठे ठेवायची, कपाटातली कुठली साडी भिजली, हे माहीत असतं आपल्याला. ज्याला गळती दिसत नाही तोच हात वर करून म्हणतो "सध्या गरज नाही". बायांनो, अर्ज आपण लिहा. तारखेसह, फोटोसह, पोच घेऊन. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

अर्ज कोणाकडे करायचा यावरूनही उगाच भांडणं होतात. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी. गच्चीतून पाणी येऊन वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीने करायचं. आपल्या फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची, सिंकची गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची, मग ओल खालच्याकडे का दिसेना.

पण आधी गळती कुठली ते ओळखायला हवं. मी करते ते सांगते.

गळती फक्त पावसाळ्यात असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत बघा. बारा महिने असेल तर पाइप किंवा बाथरूम.

वरच्या बाथरूममध्ये गेरू कालवलेलं पाणी नहाणीत ओता आणि खाली वाट बघा. लाल ओल आली की वाद संपला. हे शेजाऱ्यांना सोबत घेऊनच करा, म्हणजे नंतर कुरबुर नको.

फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय.

रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. पहाटे कोणी उठायच्या आत पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर पाइप कुठेतरी गळतोय.

पोपडा सुटलेल्या जागेच्या आजूबाजूला लांब काठीने हलकेच ठोका, मात्र खाली उभं न राहता. पोकळ आवाज आला तर तिथे कुणाला झोपवू नका आणि इंजिनिअरला बोलवा. रंगारी नको.

गच्चीवर पाणी साठवून तपासायचं असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. दहा बाय दहा फुटांच्या जागेत दोन इंच पाणी म्हणजे जवळपास पावणेपाचशे किलो वजन. जुन्या स्लॅबला ते झेपेलच असं नाही.

आणि कितीही सुंदर डिझाइन दाखवलं तरी खांब आणि बीमला हात लावू देऊ नका. 25 जुलै 2017 ला घाटकोपरला सिद्धी साई इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. आपल्या रायगडातच, महाडला, 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी तारिक गार्डन पडली, 16 जणांचा जीव गेला. ती काही जुनी-पुराणी इमारत नव्हती, जेमतेम दहा वर्षांची होती. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 च्या वरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. नवीन पनवेल, कळंबोलीतल्या सिडकोच्या किती जुन्या इमारती या वयात आल्यात ते आपापलं मोजा. शेवटचं ऑडिट कधी झालं, हा एक प्रश्न या रविवारी सेक्रेटरींना विचारा. रागावून नाही, पण उत्तर मिळेपर्यंत.

आमच्या घरी पुढे काय झालं? वरच्यांनी आधी नाही-नाही म्हटलं. गेरूचं पाणी खाली उतरलं तेव्हा काही न बोलता काम करून घेतलं. त्यांचा खर्च आमच्या तीन वर्षांच्या रंगापेक्षा कमी आला. मग आम्ही सळ्या साफ करून स्लॅब नीट भरून घेतला. सासूबाई पुढे त्याच जागी सामायिकाला बसल्या, पण मी मात्र रोज आधी वर बघायचे. त्या आज नाहीत. ती सवय राहिली आहे.

रात्री झोपताना आपण कळत-नकळत झालेल्या हिंसेबद्दल क्षमा मागतो. नकळत झालेल्याची क्षमा होईलही. पण छतावरचा डाग रोज दिसतोय, त्याला नकळत कसं म्हणायचं?

उद्या सकाळी पूजा झाली की एकदा वर बघा.

जय जिनेंद्र.