कीर्ती ही स्थावर मालमत्ता

महाडहून भोरकडे निघालेला रस्ता बिरवाडीवरून पुढे वरंधा घाटाला भिडतो. घाटाखाली कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने रंगतात. घाटमाथ्यापलीकडे देशावर जत्रांतून तमाशाचे फड उभे राहतात. वस्तुतः दोन्हींच्या मुळाशी शाहिरांचा तोच जुना कलगी-तुऱ्याचा झगडा आहे. शक्ती थोर की शिव थोर, या सवाल-जवाबावरच दोन्हीकडचे शाहीर पोसले गेले. भाषा एक, पुराणे एक, डफ-तुणतुण्याचा वारसाही एक. तरीही ज्या शाहिरांसाठी कोकणच्या चाकरमान्यांनी परळच्या दामोदर नाट्यगृहात वर्षानुवर्षे गर्दी केली, त्यांची नावे भोर-वाईच्या बाजारपेठेत क्वचितच कुणाला ठाऊक असतात. आणि देशावरच्या नामांकित फडाचे नाव ऐकून बिरवाडीचा माणूस हातातले काम टाकून धावेलच, असेही नाही. माणसे आणि माल घाट ओलांडतात. कीर्ती मात्र बहुधा घाटातच अडते.

हा प्रकार केवळ सह्याद्रीच्या रांगेपुरता नाही. अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवरही तोच अनुभव आहे. क्लिफ रिचर्ड या गायकाची गाणी ब्रिटनमध्ये १९५० पासून १९९० पर्यंतच्या प्रत्येक दशकात खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. अमेरिकेत पहिल्या दहांत येण्यासाठी त्याला १९७६ साल उजाडावे लागले. रॉबी विल्यम्सने २००३ साली इंग्लंडमधील नेबवर्थ येथे तीन रात्रींत सुमारे पावणेचार लाख श्रोते जमविले. अमेरिकेत त्याला त्या तोलाचे स्थान कधीच मिळाले नाही. भाषा इंग्रजीच, वाद्येही तीच. मग अडले कुठे? ‘अमेरिकेची अभिरुची निराळी’ हे उत्तर नेहमी दिले जाते. परंतु ते उत्तर नसून प्रश्नाचीच पुनरुक्ती आहे.

बाजारपेठेची रचना

अभिरुचीच्या आधी बाजारपेठेची रचना पाहिली पाहिजे. ब्रिटन हा आटोपशीर देश. बीबीसीची लोकप्रिय संगीताची वाहिनी १९६७ साली सुरू झाली. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९६४ पासून २००६ पर्यंत दर आठवड्याला घरोघरी पोहोचत राहिला. तेथे एकदा दिसलेला गायक दुसऱ्या दिवशी देशभरच्या चर्चेचा विषय होई. अमेरिकेत असे एकच दार नव्हते. शहराशहरांची निराळी नभोवाणी केंद्रे, त्यांतही गीतप्रकारांनुसार वाटण्या. ती सारी दारे एकेक करून ठोठवावी लागत आणि त्यासाठी महिनोन्‌महिने दौरे काढावे लागत. मायदेशी मैदाने भरविणाऱ्या गायकाने तेथे पुन्हा काही शेकडा श्रोत्यांच्या सभागृहात नवशिक्यासारखे उभे राहावयाचे आणि तेवढा काळ घरचा हमखास श्रोता वाऱ्यावर सोडावयाचा. एक मिळविण्यासाठी जे दुसरे सोडावे लागते, त्या सोडलेल्याची किंमत अर्थशास्त्र हिशेबात धरते. यशस्वी कलावंताच्या बाबतीत ती किंमत सर्वांत जड असते, कारण सोडण्याजोगे त्याच्यापाशीच पुष्कळ असते.

बीटल्सचे उदाहरण याच्या उलट म्हणून पुढे केले जाते. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सुलिव्हानच्या कार्यक्रमात त्यांना सुमारे सात कोटी तीस लाख अमेरिकनांनी पाहिले, हे खरेच. परंतु हा कार्यक्रम म्हणजे साऱ्या अमेरिकेला एकाच वेळी उघडणारे एक दुर्मिळ दार होते. शिवाय त्या चौघांचे संगीत मुळात अमेरिकेच्याच ‘रॉक अँड रोल’वर पोसलेले होते. अमेरिकेला तिचेच गाणे नव्या चेहऱ्याने परत मिळाले. याउलट ब्रिटिश गल्ली, ब्रिटिश उपहास आणि तेथील मध्यमवर्गाची उठबस गाण्यांत आणणाऱ्या ‘ब्लर’ या वृंदाचा १९९४ चा ‘पार्कलाइफ’ हा गीतसंग्रह मायदेशी गाजूनही अमेरिकेत फारसा चालला नाही. घरी जे गुण जिव्हाळ्याचे ठरतात, तेच बाहेर दुर्बोध ठरतात.

मराठी तारा, हिंदी बाजार

ब्रिटनची लोकसंख्या सुमारे सात कोटी आणि अमेरिकेची सुमारे चौतीस कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आणि हिंदी सांगणारे ५२ कोटी ८० लाख. म्हणजे लहानाचे मोठ्याशी प्रमाण तेथे एकास पाच, तर येथे एकास सहाहून थोडे अधिक. मराठी कलावंताला महासागरही ओलांडावयाचा नाही. हिंदी चित्रपटांचे माहेरघर त्याच्याच मुंबईत आहे. असे असून मराठी पडद्यावरचे सम्राट हिंदीत मांडलिक का ठरतात?

एके काळी तसे नव्हते. प्रभात कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. १९३७ साली ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’ एकाच वास्तूत, एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली घडले. शांता आपटे व केशवराव दाते दोन्हींत होते. तेव्हा कलावंत हिंदीत पाहुणा म्हणून जात नव्हता. त्याचा निर्माताच दोन्ही घरांचा यजमान होता. पुढे ही व्यवस्था मोडली. हिंदी चित्रपट दिल्ली-उत्तर प्रदेश, पूर्व पंजाब, राजस्थान, बंगाल अशा प्रदेशवार विभागांत वितरकांना विकला जाऊ लागला, आणि वितरक पैसे मोजीत ते प्रामुख्याने नायकाच्या नावावर. जे नाव मुंबई-नागपूरपलीकडे ठाऊक नाही, त्याला लुधियान्याचा वितरक काय भाव देणार? मराठी नटाच्या वाट्याला त्यामुळे अशीच कामे आली, जेथे कसब लागते पण नाव लागत नाही.

मराठीत ‘धुमधडाका’ व ‘अशी ही बनवाबनवी’ गाजविणारे लक्ष्मीकांत बेर्डे १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’मध्ये नोकराच्या व मित्राच्या चाकोरीत राहिले आणि १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मध्ये घरगडी झाले. अशोक सराफ यांना १९९५ च्या ‘करण अर्जुन’मध्ये मुनशीजी व्हावे लागले. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर उभा करणाऱ्या श्रीराम लागूंनाही हिंदीत मुख्यतः चरित्रभूमिकाच मिळाल्या. गुणवत्ता कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस येथे कोण करील?

दादा कोंडके यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे प्रयोग गावोगाव करून त्यांनी प्रेक्षक जोडला, आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून तो पडद्याकडे वळविला. त्यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली. १९८४ च्या ‘तेरे मेरे बीच में’पासून त्यांनी हिंदीतही चित्रपट काढले, पण त्या विक्रमाची पुनरावृत्ती तेथे झाली नाही. द्व्यर्थी संवाद हिंदीत नेता आले. ज्या गावरान भोळेपणाच्या आडून ते संवाद शोभत, तो गाव नेता आला नाही. मराठी कुटुंबात, परंतु बंगळूरला जन्मलेल्या रजनीकांतची गोष्टही याहून वेगळी नाही. १९८३ च्या ‘अंधा कानून’ने हिंदीत त्याचे स्वागत झाले, तरी तमिळनाडूतील त्याचे सिंहासन उत्तरेत उभे राहिले नाही.

स्थावर आणि जंगम

याउलट लता मंगेशकर, माधुरी दीक्षित, नाना पाटेकर या मराठी नावांनी हिंदी जिंकले. पण यांपैकी कुणीही मराठी पडद्यावरची तयार कीर्ती गाठीला बांधून तेथे गेले नव्हते. त्यांनी नेला तो गुण. कीर्ती त्यांनी तेथेच, प्रारंभापासून उभारली. हाच या साऱ्याचा उलगडा आहे. गुण ही जंगम मालमत्ता आहे. ती कोठेही नेता येते. कीर्ती ही स्थावर आहे. ती कलावंताच्या अंगी नसते, तर कलावंत व त्याचा प्रेक्षक यांच्यामधील दीर्घ परिचयात असते. शेत विकून आलेला पैसा दुसऱ्या गावी नेता येतो, शेत नेता येत नाही.

अलीकडचे अनुभव याला दुजोराच देतात. २०१६ च्या ‘सैराट’ने मराठीत इतिहास घडविला. २०१८ साली त्यावरून ‘धडक’ निघाला, तेव्हा कथा करमाळ्याकडच्या मातीतून उदयपूरला नेण्यात आली. नायक-नायिका हिंदी घराण्यांतली निवडली गेली. संगीतकार अजय-अतुल मात्र तेच राहिले. गुण गेला, कीर्ती मागे राहिली. २०१७ चा ‘बाहुबली’ दुसरा भाग आणि २०२१ चा ‘पुष्पा’ यांनी उत्तर भारत जिंकला, तो नट पाठवून नव्हे, तर आपले सबंध जग भाषांतरित आवाजात पाठवून. आणि त्याआधी अनेक वर्षे हिंदी दूरचित्रवाहिन्यांवरील दाक्षिणात्य चित्रपटांनी ती जमीन नांगरून ठेवली होती.

यातून मराठी माणसाने घ्यावयाचा बोध गंभीर आहे. ‘हिंदीत काही करू शकला नाही’ हा शेरा आपण आपल्या कलावंतांवर फार सहज मारतो. परक्या मापाने घरचे धान्य मोजण्याचा हा प्रकार आहे. त्यामुळे होतकरू नट मराठीला पायरी समजतो आणि येथील प्रेक्षक हीच आपली खरी इस्टेट आहे, हे विसरतो. ती इस्टेट आधीच खचते आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरला. शाहिरांना टाळी देणारा चाकरमानी नालासोपारा, विरार, दिव्याकडे पांगला. तालुक्याच्या गावांतील एकपडदा चित्रपटगृहे राज्यभर बंद पडत गेली. शहरांतील बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटांना सोयीची वेळ द्यावी म्हणून २०१५ साली शासनाला हस्तक्षेप करावा लागला, तोही महाराष्ट्रात.

अमेरिका न जिंकताही क्लिफ रिचर्डचे काही बिघडले नाही, कारण ब्रिटन त्याच्या पाठीशी होते. मराठी कलावंताच्या पाठीशी महाराष्ट्र आहे काय, हा खरा प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर मुंबईच्या हिंदी निर्मात्यांनी द्यावयाचे नाही. महाड-पोलादपूरच्या शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्याने ते द्यावयाचे आहे. तिकिटाची खिडकी त्यांच्या आवाक्यात ठेवणे, हे मात्र शासनाचे आणि निर्मात्यांचे काम आहे.