सिस्टर जर्मनीला निघाल्या, वॉर्डाचे काय?

जुना जालना भागात गांधी चमनला शासकीय स्त्री रुग्णालय आहे. बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो. पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल, हे अनुभवी परिचारिकेला लगेच कळते. डॉक्टर येईपर्यंत बाळंतिणीचा जीव त्या हातावर असतो.

याच हातांना आता जर्मनीत मागणी आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. कंत्राटी पगारावर वर्षानुवर्षे काढणाऱ्या मुलीने ही संधी घेतली, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मात्र वाट सोपी नाही. जर्मनीत परिचारिका म्हणून परवाना मिळायला साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन भाषा लागते. रुग्णाची तक्रार समजली नाही, तर औषध चुकू शकते. शिवाय इथली पदवी तिथे तपासली जाते. अभ्यासक्रमात तफावत निघाली, तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर सहायक म्हणून, कमी पगारावर काम करावे लागते. एजंट हे सहसा सांगत नाहीत. भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखाची मागणी झाली, की तिथेच थांबावे.

खरा प्रश्न मागे राहणाऱ्या वॉर्डाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या संहितेत स्थलांतरित कर्मचाऱ्यांना समान हक्क देण्याबरोबरच, मनुष्यबळ घेणाऱ्या देशांनी ते देणाऱ्यांच्या आरोग्यव्यवस्थेला हातभार लावावा, असे म्हटले आहे. संहिता ऐच्छिक असली, तरी करार करताना तिचा आधार घेता येतो. परिचर्या महाविद्यालयांत शिक्षक, प्रात्यक्षिकाची साधने आणि भाषावर्ग यांचा खर्च जर्मनीने उचलावा, अशी अट शासनाने घालायला हवी. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे डॉक्टर घडतील. पण परिचारिकांची पदे कायमस्वरूपी भरली नाहीत, तर रात्रीची पाळी कोण सांभाळणार?

मुलींना जरूर जाऊ द्यावे. त्यांच्या जागी दुसरी सिस्टर उभी करणे हे मात्र शासनाचे काम आहे.