रॅम डिस्क आणि ओट्यावरची जागा

वागळे इस्टेटमध्ये जेवणाच्या सुट्टीत चार इंजिनिअर चहाच्या टपरीवर जमले की कोणीतरी रडगाणं लावतोच, "माझं मशीन जाम स्लो झालंय रे." उपायही ठरलेला. "रॅम डिस्क टाक, बघ कसं पळतं ते!" मंडळी, माझं मत स्पष्ट आहे : घरच्या पीसीवर बहुतेकांना तिची गरज नाही.

मेमरीचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि त्यालाच डिस्क म्हणून वापरायचं, एवढीच ही भानगड. डॉसच्या जमान्यापासून चालत आलेली. तेव्हा फरक डोळ्यांना दिसायचा, कारण ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला अर्ध्या फेरीलाच ४ मिलिसेकंद लागतात. आज बऱ्यापैकी एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला ३ जीबी सहज वाचते.

शिवाय रोजचे डबे आई ओट्यावर ठेवते आणि दिवाळीची भांडी माळ्यावर, तसंच ऑपरेटिंग सिस्टिमही करते. एकदा वाचलेली फाइल रिकाम्या रॅममध्ये राहू देते, जागा लागली की काढते. ८ जीबीच्या मशीनवर ४ जीबीची रॅम डिस्क भरून ठेवणं म्हणजे अर्धा ओटा अडवून, पोळ्या कुठे लाटू म्हणून ओरडणं. (आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव काय चढलेत ते बघितलंत ना?)

मग उपयोग शून्य का? नाही हो. कंपाइल करताना तयार होणाऱ्या हजारो बारीक फाइली, टेस्टपुरता डेटाबेस, असल्या दोन घटकांच्या पाहुण्यांसाठी ती झकास. डेबियनने २०२५ साली १३व्या आवृत्तीत टेम्प फोल्डर रॅममध्ये नेला, तो याच हिशोबाने. लिनक्सवर टीएमपीएफएस आयतंच आहे. फक्त कमाल साइज स्वतः ठरवा, नाहीतर ते अर्ध्या रॅमपर्यंत हातपाय पसरतं.

काहीजण मात्र उत्साहात अख्खा प्रोजेक्टच तिथे हलवतात. त्यांना १२ ऑक्टोबर २०२०ची आठवण करून द्यावीशी वाटते. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या वीजवाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची बत्ती गुल, लोकल जागच्या जागी. तेव्हा वागळेतली ऑफिसं घराघरांतल्या डायनिंग टेबलांवर भरत होती. लॅपटॉपवाले बॅटरीवर तरले. पण यूपीएस नसलेला डेस्कटॉप असेल, तर त्याच्या रॅममधलं सगळं काही क्षणांत पुसलं जातं.

"पण मी तर दर तासाला कमिट करतो!" अहो, गिटचा सगळा इतिहास त्याच प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. पुश करेपर्यंत तुमचे कमिटसुद्धा रॅममध्येच.