हापसा कोणाच्या दारात?

वस्तीत दवाखाना हवा म्हणून आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते करावेच. पण दवाखाना आल्यावर त्याने आधी कोणते काम हाती घ्यावे, हे ठरवायला आपल्यापैकी कोण बसते?

जामखेडची हकीकत पाहा. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य त्या दुष्काळी मुलखात आले. तेव्हा जन्मलेल्या हजार मुलांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत. डॉक्टरांनी लोकांना विचारले, तर लोकांनी औषध नव्हे, आधी पाणी आणि अन्न मागितले! कूपनलिका खोदायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी जागा दलित वस्तीत धरायला लावल्या. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी, त्यांच्या दारच्या हापशावर सारे गाव घागरी घेऊन आले. पुढे आरोग्यसेविका निवडल्या त्याही गावातल्याच बाया, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या जामखेडला एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी हे शिकून घरोघर सांगत. 1990च्या दशकात तो 176 चा आकडा तिशीच्या आत आला होता.

आज शहरातील गरीब वस्त्यांसाठी महिला आरोग्य समिती आहे. साधारण 50 ते 100 घरांमागे एक, आणि तिला वर्षाला 5,000 रुपयांचा निधी. आमच्या ओळखीच्या एका वस्तीत ही समिती केवळ कागदावर होती. सभा दुपारी बाराला. धुण्याभांड्याला, बिगारीला गेलेली बाई तेव्हा कशी येणार? सह्या मात्र झालेल्या! शेवटी चौघीजणींनी आशाताईंना गाठले आणि सभा रात्री आठला, विहाराच्या ओट्यावर घ्यायला लावली. आशाताई बिचाऱ्या दिवसभर पायपीट करून आलेल्या, तरी आल्या.

पहिला विषय निघाला गटारातून जाणाऱ्या नळाचा. पाच हजारांत नळ बदलत नाही, ते काम पालिकेचेच. म्हणून बायांनी महिनाभरात कोणत्या घरी कोणाला जुलाब झाले याची यादी केली, आशाताईंनी ती तपासली, आणि सगळ्या मिळून वॉर्ड ऑफिसात गेल्या. साहेबांनी प्रथम उद्या या म्हटले. त्या उद्याही गेल्या.

तुमच्या वस्तीची समिती कोणती, सभा किती वाजता होते आणि पासबुकावर सही कोणाची, एवढे या आठवड्यात आशाताईंना विचारा.