‘ळ’ दाबला की नवा अर्ज

झाशीतील एका सरकारी कार्यालयात मी हे पाहिले. खिडकीमागचा लिपिक अर्जदाराचे आडनाव ‘काळे’ असे टंकू लागला. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ळ’ हा शिफ्ट धरून एनच्या कळीवर मिळतो. ती कळ दाबताच अर्धा भरलेला अर्ज नाहीसा होऊन कोरा अर्ज पडद्यावर आला, कारण शिफ्ट आणि एन ही जोडी प्रोग्रामकाराने ‘नवा अर्ज’ यासाठी शॉर्टकट म्हणून राखली होती. लिपिकाने तोडगा काढला : ‘काले’ लिहिले. हिंदी मजकुरात ‘ळ’ सहसा येत नाही, त्यामुळे चाचणीत हे कोणाच्या ध्यानात आले नसावे. नेवाळकरांच्या झाशीत हे घडावे! असो.

परमुलखात प्रोग्राम लिहिणाऱ्या वाचकांना यातले मर्म सांगायला नको. कळफलकाचा फोकस ज्या चौकटीत आहे, तिचा दाबलेल्या कळीवर पहिला हक्क असतो. संपूर्ण खिडकीसाठी शॉर्टकट लावणाऱ्याने फोकस मजकुराच्या चौकटीत आहे काय, एवढे आधी विचारायला हवे. याच्या उलट, शॉर्टकट ओळखताना केवळ उमटणारे अक्षर तपासले, तर देवनागरी चालू असताना एनच्या कळीतून ‘ल’ येतो आणि शॉर्टकट मुका होतो. तेथे कळीचा संकेतांक तपासावा लागतो. चुकीची सूचना बंद केल्यावर फोकस त्याच चुकलेल्या चौकटीत परतावा, हे तर प्राथमिक शिक्षण. येथे तो पहिल्या चौकटीत जातो. दर अर्जामागे वीस सेकंद वाया गेले, तर दीडशे अर्जांत पन्नास मिनिटे जातात, आणि ती रांगेतल्या माणसांची असतात.

कंत्राटदार म्हणतो, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. हे मला मान्य नाही. एका अक्षराचे शॉर्टकट बंद करता यावेत, बदलता यावेत किंवा त्या घटकावर फोकस असतानाच चालावेत, हे वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २०१८ पासून लिहिलेले आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. अंध लिपिकाला माऊसचा उपयोग नाही. त्याचा सारा कारभार कळफलकावर चालतो.

खरा दोष आम्हा अधिकाऱ्यांकडे येतो. प्रात्यक्षिक आम्ही इंग्रजीत, माऊसने, नमुन्याच्या नावावर पाहतो आणि सही करतो. निविदेतच अट घालावी : माऊस काढून, देवनागरी चालू करून, खिडकीवरच्या लिपिकाने ‘काळे’ आडनावाचा एक अर्ज पूर्ण भरून दाखवल्याखेरीज शेवटचा हप्ता मिळणार नाही.